चारशे बारा मीटरवरचा बोल

आमच्या बोगद्यात, डोक्यावर चारशे मीटर काळा दगड असताना, तुम्ही तळहात पसरून उभे राहिलात तर दिवसभरात आठ-दहा कण त्यातून पार जातात. ते आकाशातून आलेले असतात. दुखत नाही, गरम लागत नाही, काहीच कळत नाही. बाहेर उघड्यावर त्याच तळहातातून सेकंदाला एक-दोन जातात. बाकीचे डोंगर खातो.

मैथिली खांबेटेनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी माझ्या हाताकडे बघत राहिलो. बत्तीस वर्षं मी बोगद्यांत काढली आहेत. आत शिरलं की आकाश संपलं, असं मी धरून चाललो होतो.

आमचा फोरमन गंगाधर कोळपे शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मंग हेल्मेट कशापायी घालायचं मॅडम? चारशे मीटर दगडातनं येतंय ते, ह्या टोपीला भिणार व्हय?"

"ते त्यांच्यासाठी नाही मामा. वरून दगड पडला तर म्हणून."

"वरनं दगड पडला तर ह्या टोपीचा काय उपेग, त्ये बी सांगा."

मैथिली हसली. ती रत्नागिरीकडची, वय तिशीच्या आत, आणि बोलताना श्वास घ्यायची विसरायची. तिनं आणलेलं यंत्र म्हणजे दाराएवढ्या बारा पाट्या. प्रत्येक पाटीत एक खास प्लॅस्टिक होतं. कण त्यातून गेला की त्यात अगदी बारीक ठिणगीसारखा उजेड पडतो, तो मोजायचा आणि कण कुठल्या बाजूनं आला ते लिहून ठेवायचं. या कणांना म्युऑन म्हणतात. अवकाशातून येणारे किरण वरच्या हवेवर आदळले की ते तयार होतात. दगड जितका जड आणि जाड, तितके कमी कण खाली पोचतात. डोंगरात कुठे हलकी जागा असेल तर त्या दिशेनं थोडे जास्त येतात. बारा पाट्यांवर दिवसाला पंधरा-सोळा हजार कण जमायचे, आणि तीन आठवड्यांत डोंगराच्या पोटाचा फोटो तयार व्हायचा. यंत्राचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. गंगाधरनं पहिल्याच दिवशी त्याला 'चाळण' नाव दिलं, आणि महिन्याभरात ते साहेबांच्या अहवालातही गेलं.

"यातली खरी गंमत सांगू का सर?" मैथिली म्हणाली होती. "म्युऑन फार थोडा वेळ जगतो. सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले दोन. तेवढ्यात त्यानं सहा-सातशे मीटर जावं आणि संपावं. पण तो इतक्या वेगानं येतो की त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा सावकाश चालतं. म्हणून तो पंधरा किलोमीटर हवा आणि वर हा डोंगर ओलांडून इथे पोचतो. वाटेतच संपायला हवा होता, पण पोचतो."

मी मान हलवली. घड्याळाचं मला नीट कळलं नाही. पोचतो, हे कळलं.

माझं नाव विलास डफळे. कातळमाथा बोगद्याचा मी प्रकल्प व्यवस्थापक. देशावरून कोकणात उतरणारा नऊ किलोमीटरचा रस्ता, सगळा डोंगराच्या आतून. काम दोन्हीकडून चालू होतं. एका टोकाला आम्ही देशाचं तोंड म्हणायचो, दुसऱ्याला कोकणाचं तोंड. माझ्या ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता होता. आडवे किलोमीटर, उभ्या तारखा. दोन्ही तोंडांच्या दोन तिरक्या रेषा रोज थोड्या थोड्या एकमेकींकडे सरकायच्या. भोकं पाडायची, दारू भरायची, उडवायचं, धूर जाऊ द्यायचा, मलबा काढायचा, छतावरचे सुटे दगड पाडायचे, लांब खिळे मारायचे, काँक्रीटचा फवारा मारायचा, आणि परत भोकं. एवढी एक फेरी झाली की साडेतीन मीटर पुढे. त्या दोन रेषा ठरलेल्या तारखेला एकमेकींना भेटवायच्या, एवढंच माझं काम. त्यात चारशे माणसं आणि पंचवीस कंत्राटदार आले, तरी काम एवढंच.

शालन, माझी बायको, याच प्रकल्पावर दगड नोंदायची. बोगदा सुरू होण्याआधी वरच्या पठारावरून खोल भोकं पाडतात आणि आतला दगड लांब कांडीसारखा काढून पेट्यांत लावून ठेवतात. त्या कांड्या बघून, पाणी लावून, नखानं खरवडून कुठल्या खोलीवर काय आहे ते नोंदवायचं, हे तिचं काम. हात सतत चिखलाचे, म्हणून ती नोंद बोलून करायची. गळ्यात छोटा रेकॉर्डर असायचा. तिचं बोलणं पुढे सॉफ्टवेअर ऐकायचं आणि त्याचा तक्ता करायचं. अशी चारशे तासांची तिची बोलणी कंपनीकडे होती.

चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी चहा केला, दुपारी नव्हती.

आमची मुलगी जुई नाशिकला असते. दिवस झाल्यावर तिनं मागितलं, "बाबा, आईचा आवाज तुझ्या ऑफिसात पडलाय. मला दे ना थोडा." मी म्हणालो, तो कंपनीचा आहे. ती म्हणाली, "कंपनीचा नाही, तुझ्याच्यानं होत नाही." ते खरं होतं. मी एकदाही ऐकला नव्हता. तेव्हापासून आमचे फोन कमी झाले. होते ते औषधं घेतलीस का, घेतली, एवढेच.

* * *

सोमवारी सकाळी आठच्या बैठकीत मैथिलीनं चाळणीचं नवं चित्र लावलं. सगळा डोंगर निळा, आणि देशाकडचं खोदकाम पोचलं होतं तिथून तीस मीटर पुढे, छताच्या वर, एक पिवळा डाग. डाग पुढे खाली उतरत उतरत साठाव्या मीटरला थेट आमच्या वाटेवर येत होता.

"काय आहे?" प्रकल्प संचालक बेडेकर साहेबांनी विचारलं.

"हलकं काहीतरी, सर. चाळण वजन सांगते, वस्तू सांगत नाही. बऱ्याच जाडीचा मऊ दगड असेल तरी असंच दिसेल, आणि त्याहून कमी जाडीची पाण्यानं भरलेली पोकळी असेल तरी असंच."

"सॉफ्टवेअर काय म्हणतं?"

"बोल. चौऱ्याण्णव टक्के."

बोल म्हणजे लाल माती. आमचा सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. एक थर ओतला गेला, मग हजारो वर्षं सगळं शांत, त्यावर माती झाली, मग वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. अशा भाजलेल्या लाल थराला इंजिनियर लोक बोल म्हणतात. शब्द इंग्रजीतून आलाय, पण तोंडात मराठीच वाटतो. बोल लागला तर काय करायचं ते आम्हाला पाठ आहे. फेरी लहान करायची, खिळे जास्त मारायचे, सावकाश जायचं. पण पोकळीत पाणी असेल तर त्या दगडात दारू उडवणं म्हणजे तोंडावरची चौदा माणसं वाहून जाणं.

"इतक्या खात्रीनं कसं म्हणतं?" मी विचारलं.

"भोक क्रमांक सतरा त्या डागाच्या कडेवरून जातं. त्याच्या नोंदीत बोल आहे." मैथिलीनं तक्ता उघडला.

४१०.६ ते ४१२.६ मीटर: भोकाभोकांचा काळा दगड.
४१२.६ ते ४१४.४ मीटर: बोल. कांडी मिळाली नाही.
४१४.४ पासून पुढे: काळा दगड, घट्ट.

खाली नाव होतं, शालन डफळे.

"मऊ थर पाण्यानं धुऊन जातो, कांडी हाती येत नाही. हे नेहमीचं आहे," बेडेकर म्हणाले. "बरोबर आहे. दोनची फेरी होऊन जाऊ द्या, पुढे खिळे वाढवा."

मी त्या ओळीकडे बघत होतो. काहीतरी खटकत होतं. सगळे उठायला लागले तेव्हा मला ते सापडलं.

"शालन बोल म्हणत नसे," मी म्हणालो. "गेरू म्हणायची."

"म्हणजे?"

"लाल मातीला ती गेरूच म्हणायची. तिच्या माहेरी अंगणाला काढतात तो. मी तिला कितीदा सांगितलं असेल, बोल म्हण, साहेब लोकांना कळत नाही. म्हणायची नाही."

"सॉफ्टवेअरला दोन्ही शब्द कळतात हो डफळे. गेरू आलं की तेही बोलच लिहितं."

"मॅडम," मी मैथिलीला म्हणालो, "मूळ शब्द शोधता येतील? तिच्या सगळ्या नोंदींत गेरू कितीदा आणि बोल कितीदा?"

मैथिलीची बोटं चालली. मग ती थांबली. "गेरू दोनशे अकरा वेळा. बोल..." तिनं मान वर केली. "एकदा. इथेच."

बेडेकर साहेब खुर्चीत परत बसले. "एकदा म्हणाल्या असतील. तुम्ही इतकं सांगितल्यावर."

"नाही. ती दगडाबद्दल बोलत नव्हती. मला म्हणाली असेल. फोनवर."

"तुम्हाला?"

"मी फोन केला की ती 'बोल' म्हणायची."

बेडेकर जरा हसले. माणूस वाईट नव्हता, आणि ते शालनला ओळखत होते. "डफळे, बाई तुम्हाला अहो-जाहो करायच्या. मी स्वतः ऐकलंय. 'अहो डफळे' म्हणून हाक मारायच्या साइटवर. बोल कशा म्हणतील?"

"चारचौघांत, साहेब," मी म्हणालो.

गंगाधर दाराशी उभा होता. त्याच्या नाकातून एक आवाज आला आणि त्यानं तो खोकल्यात बुडवला. माझे कान तापले. वीस माणसांपुढे मी माझ्या घरातली गोष्ट सांगितली होती.

"चारचौघांत बोला," मी म्हणालो. "एकटी असली की बोल. तेवीस वर्षं."

मैथिली हळूच म्हणाली, "सर, मूळ रेकॉर्डिंग आहे. सॉफ्टवेअर खासगी बोलणं गाळून टाकतं, तसा नियमच आहे. फोन, घरचं, जेवणखाण, सगळं गाळतं आणि फक्त दगडाचे शब्द ठेवतं. पण मूळ फाइल असते. आत्ता ऐकूया का?"

"नको," मी म्हणालो. "इथे नको."

प्रकल्प व्यवस्थापक म्हणून एक पाळी काम थांबवायचा अधिकार मला होता. त्यापुढे लेखी कारण लागायचं. मी पाळी थांबवली.

"संध्याकाळी सहापर्यंत कारण द्या," बेडेकर म्हणाले. "नसेल तर दारू भरा. पावसाच्या आत ती रेषा पुढे जायला हवी, तुम्हीच मला समजावता."

* * *

कांड्यांची शेड बोगद्याबाहेर, प्रवेशाजवळच आहे. पत्र्याची, लांब. आत छातीइतक्या उंच लाकडी मांडण्यांवर पेट्या. प्रत्येक पेटीवर खडूनं क्रमांक, शालनच्या अक्षरात. तिचा सात मला एक वाटायचा आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. मी सतरा क्रमांकाची पेटी काढली. खाचेत काळ्या दगडाची कांडी, मग एक लाकडाचा ठोकळा, मग परत काळी कांडी. ठोकळा म्हणजे इथे काही मिळालं नाही. ठोकळ्यावर शालननं काहीच लिहिलेलं नव्हतं. ती नेहमी लिहायची.

मी टेबलाशी बसलो. समोर स्क्रीनवर फाइलचं नाव होतं. अकरा वाजले, मग बारा. चहा आला आणि गार झाला. मी पाणी प्यायलो, परत प्यायलो.

साडेबाराला गंगाधर आला. "सायेब, माणसं भाईर बसल्यात. इचारत्यात, आज काय हाय?"

"सांग, चाळण बिघडलीय."

"खोटं का सांगू?" तो दाराच्या चौकटीला टेकला. "वैनींचा आवाज ऐकाय लागतोय म्हणून बसलाय न्हवं?"

मी गार चहाचा कप बाजूला सरकवला.

"माझा म्हातारा गेला तवा त्येच्या चपला मी दोन वर्सं दारात ठिवल्या. बायकू म्हनली, कुत्रं नेईल. म्हनलं नेऊ दे. पर मी उचलणार न्हाई." त्यानं खिशातून तंबाखू काढली आणि परत ठेवली. "कुत्र्यानं न्हेल्या न्हाईत. मलाच उचलाय लागल्या. मी हितं भाईर बसतो. तुम्ही ऐका."

तो पाठ करून पायरीवर बसला. त्याच्या पलीकडे बोगद्याच्या प्रवेशाजवळ चौदा माणसं हेल्मेटं मांडीवर घेऊन बसलेली दिसत होती. कोणीतरी काहीतरी सांगत होतं आणि बाकीचे हसत होते.

मी बटण दाबलं.

वाऱ्याचा आवाज. लांबून यंत्राचा आवाज. मग ती.

"भोक सतरा. चारशे दहा पॉइंट सहा ते चारशे बारा पॉइंट सहा, भोकाभोकांचा दगड, भोकांत पांढरं भरलंय. चारशे बारा सहा..."

फोन वाजला. कागद सरकवल्याचा आवाज.

"बोल."

मी रेकॉर्डिंग संपेपर्यंत ऐकलं. एक मिनिट दहा सेकंद. संपल्यावर माझ्या लक्षात आलं की दगडाबद्दल मला काहीच कळलेलं नाही. मी फक्त तिला ऐकलं होतं. तिला थोडी सर्दी होती. बोलताना काहीतरी खात होती, बहुतेक शेंगदाणे. म्हणून मी परत लावलं, आणि या वेळी कामासारखं ऐकलं.

"बोल... अरे, कपाटात. वरच्या कप्प्यात. डावीकडे बघ... तो नको, तो पांढरा नको, तो बगलेत फाटलाय. निळा घाल... नाही रे, अजून तासभर लागेल. इथे विचित्रच झालंय. रॉड आपोआप खाली गेला म्हणतात, हातभर नाही, चांगला पुरुषभर. पेटीत काहीच आलं नाही. आणि पाणी जे वर यायचं ते बंदच झालं, सगळं आत कुठेतरी जातंय... हं... जेवून घे. मी आले की बघते."

ठक् असा फोन ठेवल्याचा आवाज.

"चारशे चौदा पॉइंट चारपासून पुढे, काळा दगड, घट्ट."

रॉड आपोआप खाली जातो तो पोकळीत. भोक पाडताना सोडलेलं पाणी परत येत नाही, तेही पोकळीतच जातं. गेरू असता तर रॉड रुतला असता, पाणी लाल होऊन वर आलं असतं. तिला सगळं कळलेलं होतं. ती नोंद करायच्या आधी मी फोन केला, आणि सदरा कुठाय ते विचारलं. कुठल्याशा सचिवांच्या पाहणीला जायचं होतं. बोलून झाल्यावर तिच्या मनात ते नोंदवून झालं असणार. तिनं मला सांगितलं होतं ना.

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

मी बाहेर आलो. गंगाधर उठला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागला.

"पोकळी आहे," मी म्हणालो. "माणसांना घरी पाठव."

* * *

पावणेसहाला मी बेडेकर साहेबांच्या टेबलावर कारण ठेवलं. एक पान. शालनचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते, शेंगदाणे सोडून. त्यांनी वाचलं. सदऱ्याच्या ओळीपाशी थांबले, पुढे गेले, आणि चष्मा काढला.

"भोक पाडणाऱ्याचा कागद काय म्हणतो?"

"कांडी मिळाली नाही, एवढंच. तो माणूस आता कुठे आहे कोणाला माहीत नाही."

"वरचे विचारतील, डफळे. रेषा महिनोन्महिने मागे जाईल. नोंद चुकली हे दिसतंय. कोणाला तरी बोल लावावा लागेल." शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनाच तो ऐकू आला.

"मला लावा," मी म्हणालो. "फोन माझा होता."

त्यांनी पानावर सही केली. "बोल वगैरे नंतर बघू," ते म्हणाले. "आधी डोंगर काय म्हणतो ते ऐकू."

खोदकामाच्या तोंडावरून तिरकं वर, पिवळ्या डागाच्या दिशेनं, एक बारीक भोक पाडायचं ठरलं. भोकाच्या तोंडाला जाड झडप बसवली, म्हणजे आतून काही आलं तर बंद करता येईल. दोन दिवस आम्ही मीटर मीटर गेलो. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मैथिली पाटीशेजारी नखं खात उभी होती. चाळणीवर घातलेली तिची तीन वर्षंही त्या भोकात होती. एकतिसाव्या मीटरला रॉड एकदम पुढे गेला, चांगला पुरुषभर.

"पाणी!" गंगाधर ओरडला आणि झडपेवर पडला.

बोटाएवढ्या फटीतून आलेल्या धारेनं समोरच्या मशीनची काच फोडली. ती धार बंद करायला चार माणसं लागली. बंद झाल्यावर सगळे भिंतीला टेकून धापा टाकत होते. आम्ही सोमवारी दोनची फेरी उडवली असती, तर दिवसाला दोन फेऱ्या धरून साधारण पुढच्या मंगळवारी तिथे पोचलो असतो. हा हिशोब प्रत्येकजण मनात करत होता. गंगाधर ओल्या अंगानं माझ्यापाशी आला आणि माझ्या खांद्याला हात लावून परत गेला. तेरा वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं.

झडपेतून बेतानं सोडलेलं ते पाणी अकरा दिवस वाहत होतं. स्वच्छ, गार, कुठलाही वास नसलेलं. बाराव्या दिवशी फक्त हवा आली. मैथिलीनं भोकातून कॅमेरा आणि दिवा आत सरकवला. आम्ही पाच-सहा माणसं एका छोट्या स्क्रीनभोवती डोकी घालून उभे होतो.

आधी काहीच दिसलं नाही. दिव्याचा उजेड जात होता आणि कशावर पडतच नव्हता. मैथिलीनं उजेड वाढवला, आणखी वाढवला. मग खूप लांबवर भिंत दिसली.

ते एक दालन होतं. नंतर मोजलं तेव्हा तीनशे चाळीस मीटर लांब भरलं, आणि छत चार मजली इमारतीएवढं उंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथून लाव्हा वाहत होता. बाहेरून त्याची साल गार होऊन घट्ट झाली, आतला लाव्हा वाहून पुढे गेला, आणि नळी रिकामी राहिली. मग वरून थरावर थर आले. आम्ही तिथे भोक पाडेपर्यंत त्यात कधी उजेड गेला नव्हता.

दोन महिन्यांनी, बाजूनं लहान वाट काढून, छत तपासून आम्ही आत गेलो. बोगद्याची वाट चाळीस मीटर वळवायचं तोवर ठरलं होतं. आत भिंतींवर दगडाचे ओघळ होते, कणीक मळताना बोटांना लागून ओढली जाते तसे, आणि तसेच थिजलेले. जमिनीवर लाव्हाच्या वळकट्या पडल्या होत्या. मी हजारो मीटर दगड फोडलाय. दगडाला मी कधी असं उभं राहून बघितलं नव्हतं.

गंगाधरनं वाटेच्या तोंडाशी गमबूट काढले आणि मोज्यांवर आत आला. सुरक्षेच्या नियमात ते बसत नाही. मी त्याला तसंच येऊ दिलं.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "तुमचं ते कण हितनं बी जात हुतं?"

"रोज," मैथिली म्हणाली. "कोणी मोजत नव्हतं तेव्हापासून. साडेसहा कोटी वर्षं, मामा. रोज."

"आन् आत्ता?"

"आत्ताही."

गंगाधरनं तळहात पुढे केला. मग त्याच्या मागचा माणूस, मग मैथिली, मग मी. आम्ही त्या अंधारात हात पसरून उभे होतो. काहीच लागत नाही हे आम्हाला माहीत होतं. तरी बराच वेळ कोणी हात मागे घेतला नाही.

* * *

नोंद दुरुस्त करायचं काम मी स्वतःकडे घेतलं. शेडमध्ये बसलो. दुपार होती. सॉफ्टवेअर प्रश्न विचारतं, आपण बोलून उत्तर द्यायचं.

"भोक सतरा. चारशे बारा पॉइंट सहा ते चारशे चौदा पॉइंट चार. काय आहे?"

"पोकळी. रॉड आपोआप खाली गेला. पाणी परत आलं नाही."

"नोंद करणाऱ्याचं नाव?"

"शालन डफळे."

"जुन्या नोंदीत 'बोल' हा शब्द आहे. तो खोडायचा?"

सॉफ्टवेअर थांबून राहिलं.

"दगड म्हणून खोडा," मी म्हणालो. "शब्द म्हणून राहू द्या."

"दगड नसेल तर हा शब्द कोणत्या प्रकारात टाकू?"

यादीत दगडांचे एकोणतीस प्रकार होते. शेवटी एक रकाना होता, 'इतर', आणि त्यात हवं ते लिहिता यायचं. मी लिहिलं: 'नवऱ्याचा फोन.'

ते अजून तसंच आहे. हा बोगदा जितकी वर्षं वापरात राहील तितकी ती नोंद राहील. पुढे कोणी इंजिनियर ते वाचेल आणि डोकं खाजवेल.

मग मी ते एक मिनिट दहा सेकंद माझ्या फोनमध्ये घेतलं. बेडेकर साहेबांकडून तशी परवानगी आधीच काढली होती. पेटी जागेवर ठेवली. लाकडी ठोकळ्यावर शालन लिहायची तसं खडूनं लिहिलं, पोकळी. माझं अक्षर वाईट, पण वाचता येतं.

बाहेर येऊन पायरीवर, गंगाधर बसला होता तिथे, बसलो आणि जुईला फोन लावला. पाच-सहा वेळा वाजला. ती कामात असणार. ठेवणार होतो.

तिनं उचलला. मागे तिच्या ऑफिसातली माणसं बोलत होती. मग दार लागल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. ती एकटी झाली.

"बोल," जुई म्हणाली.